लंकेला बोगदा कशाला?

"इंग्लिश खाडीखालून रेल्वे गेली, पुण्यात मुठेखालून मेट्रो गेली, मग रामेश्वरमहून लंकेला का नाही?" असा प्रश्न विचारला गेलाय. मुठेचं सोडा हो, उन्हाळ्यात तिच्यात पाणी किती असतं ते आपल्याला लकडी पुलावरून दिसतंच.

खाडीखालच्या ५० किलोमीटरच्या बोगद्याला खडू-मातीचा नामी थर मिळाला: कापायला मऊ, पाणी फारसं झिरपू न देणारा. तरीही १९९४ मध्ये तो सुरू होईपर्यंत खर्च अंदाजाबाहेर गेला आणि खाजगी भागधारकांचे हात चांगलेच पोळले.

रामेश्वरम बेटाच्या टोकाचं धनुष्कोडी ते लंकेतलं तलाईमन्नार जेमतेम तीसेक किलोमीटर, समुद्र बऱ्याच ठिकाणी काही मीटरच खोल. तिथे माझं मत पुलालाच. रूळांची अडचण नाही, दोन्हीकडे १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज. १९६४ च्या वादळाआधी धनुष्कोडीपर्यंत गाडी, पुढे बोट आणि पलीकडे पुन्हा गाडी, असा प्रवास चालायचाच.

घोडं पैशापाशी अडतं. डेन्मार्क-जर्मनी दरम्यान समुद्रतळात चर खणून, काँक्रीटचे तयार तुकडे बुडवून १८ किलोमीटरचा बोगदा जोडताहेत. त्याचा खर्च डेन्मार्क उचलतोय, टोलमधून वसूल करायच्या हिशेबाने. इथे तो कोण उचलणार, दिल्ली की कोलंबो?