८ ओहमची दोन कॅबिनेट आणि ट्यूब हेड

परभणीच्या ऑर्केस्ट्रावाल्या भाऊंनी विचारलंय, ट्यूब हेडला (म्हणजे व्हॉल्व्हवाला, स्पीकर नसलेला अँप्लिफायर) ८ ओहमची दोन कॅबिनेट (स्पीकरचे खोके) लावली तर हेडवरचा ओहम निवडायचा स्विच १६ वर ठेवायचा का. नाही भाऊ, ४ वर. हेडमागचे दोन्ही स्पीकर जॅक सहसा पॅरललमध्ये असतात, म्हणून ओहम निम्मे होतात. १६ होतात ते सिरीजमध्ये.

पण आधी मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६-७ दाखवतो, तो बिघाड नव्हे. मागच्या स्टिकरवर भरवसा ठेवू नका. जुन्या कॅबिनेटातले स्पीकर मंडपवाल्यानं कधी बदललेत, देव जाणे! जोडणीला स्पीकरचीच जाड वायर घ्या, गिटारची नको. आणि कॅबिनेट जोडल्याशिवाय ट्यूब हेड चालूच करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरवाल्या हेडला ही भानगड नाही, फक्त लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली जायचं नाही.