सागावरच्या अळ्या शेंड्याकडे चढून उलट्या लटकत आहेत : कारण काय असावे?

पेठ तालुक्यातील सागाच्या जंगलात जुलैच्या उत्तरार्धात जे पाहिले, त्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. (झाडे पुन्हा पालवतात, त्यामुळे फवारणीचा सल्ला कृपया नको.)

पावसाळ्याच्या सुरुवातीला सागाच्या कोवळ्या पानांवर अळ्यांची धाड पडणे नवीन नाही. मोठ्या शिरा तेवढ्या ठेवून पाने फस्त झाली होती आणि काही पानांच्या कडा दुमडून धाग्यांनी चिकटवलेल्या होत्या, त्यावरून ही सागाची पाने खाणारी हिब्लिया प्युएरा या पतंगाची अळी असावी असे मी धरले आहे. पानाची जाळी करणारी दुसरी अळी बारीक शिराही शिल्लक ठेवते आणि तिचा जोर बहुधा पावसाळा सरत आल्यावर असतो. हिब्लियाची पूर्ण वाढलेली अळी धाग्याला लोंबकळत खाली उतरते आणि पाचोळ्यात कोष करते. येथे मात्र अनेक अळ्या भर दुपारी, उघड्यावर, फांद्यांच्या टोकांकडे चढत होत्या, आणि काही तिथेच मागच्या पायांनी फांदी धरून, डोके खाली अशा स्थितीत मेल्या होत्या. काडी लावताच कातडी फुटून पांढुरका द्राव ओघळला.

हरभऱ्यातील घाटेअळीवर एचएएनपीव्ही (अळ्यांना मारणाऱ्या एनपीव्ही गटातील विषाणू) फवारणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. माझाही संशय विषाणूवरच आहे. हिब्लियाचाही स्वतःचा एनपीव्ही आहे आणि केरळ वन संशोधन संस्थेने त्यावर बरेच काम केले आहे. स्पंजी पतंगाच्या अळ्यांवरील 2011 च्या संशोधनात असे दिसले, की विषाणूतील एक जनुक कात टाकण्याचे संप्रेरक निष्प्रभ करते आणि बाधित अळी झाडावर उंचच राहून मरते, म्हणजे फुटलेल्या शरीरातील विषाणू खालच्या पानांवर पडायला मोकळा. बुरशीने मेलेल्या अळ्या कडक होतात, तशा या नव्हत्या. परोपजीवी माश्यांचे कोषही दिसले नाहीत. जिवाणूंची शक्यता मात्र मला नाकारता येत नाही, कारण त्यांनी मेलेली अळीही मऊच पडते.

सागावरील अळ्यांचे असे वर चढणे कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का? विषाणूचे स्फटिक ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शकाचे 400 पट वर्धन पुरेल, की 1000 पटीचे तेल-भिंग लागेल? काही अळ्या कुपीत घालून शीतकपाटात ठेवल्या आहेत. नाशिक परिसरात कीटकशास्त्राची प्रयोगशाळा असलेल्या कोणी त्या पाहण्याची तयारी दाखवली, तर मी स्वतः आणून देईन.