'उत्तर-रोमँटिक' : उत्तररात्रीतला 'उत्तर' की उत्तर-आधुनिकमधला?

प्रश्न : पाश्चात्त्य अभिजात संगीतावरच्या लेखांत मालर आणि रिचर्ड स्ट्राउस या संगीतकारांना 'उत्तर-रोमँटिक' म्हटलेलं दिसतं. म्हणजे रोमँटिक काळाच्या (ढोबळमानाने एकोणिसावं शतक, भावनेला प्राधान्य देणारं संगीत) अखेरचे, की तो सरल्यावरचे? जाणकारांनी सांगावं.

– अखेरचे. उत्तररात्र ही रात्रच असते. वाग्नरच्या 'ट्रिस्टान उंड इझोल्ड' (१८६५) ऑपेराच्या सुरुवातीला स्वरांचा जो ताण उभा राहतो तो पार शेवटी सुटतो, आणि मालर तीच वाट पुढे ताणत नेतो. १९१० मध्ये म्युनिकला त्याची आठवी सिम्फनी झाली तेव्हा मंचावर हजाराहून जास्त वादक-गायक होते! हा सरल्यावरचा कारभार वाटतो का? 'सरल्यावरचे' म्हणायचं तर स्वातंत्र्योत्तर, मरणोत्तर यांच्या चालीवर 'रोमँटिकोत्तर' म्हणा.

– 'रोमँटिकोत्तर' शब्द चोख आहे, पण लावणार कोणाला? संगीतकार शोएनबर्ग घ्या, रोमँटिक वळण सोडून पुढे गेलेला. फेब्रुवारी १९१३ मध्ये व्हिएन्नात त्याच्या 'गुरेलीडर' या गायक आणि वाद्यवृंदाच्या रचनेला टाळ्यांचा कडकडाट झाला. ती रचना संपूर्ण रोमँटिक वळणाची, सुरू केलेली १९०० मध्ये. मार्चअखेर त्याच गावात त्यानेच चालवलेल्या मैफलीत शिष्य बेर्गची नव्या वळणाची, कानाला खटकणारी गाणी लागली आणि श्रोते हातघाईवर आले. एकाच माणसाला एकाच वर्षी दोन्ही विशेषणं द्यावी लागतील. आणि स्ट्राउसने 'चार अखेरची गाणी' लिहिली १९४८ मध्ये! तेव्हा कडवा आधुनिक फ्रेंच संगीतकार बुलेझ याचा दुसरा पियानो सोनाटाही तयार होत होता. दोन्ही ऐकून पाहा, समकालीन वाटले तर मला कळवा.

– म्हणून शैलीसाठी काळाहून वेगळा शब्द हवा. शैलीला 'उत्तरकालीन रोमँटिक'. तो स्ट्राउसला १९४८ मध्येही चालतो, रशियन संगीतकार राखमानिनोव्हला १९४० च्या 'सिम्फनिक डान्सेस'साठीही. 'नव-रोमँटिक' मात्र परत फिरलेल्यांना राखून ठेवा. उदाहरणार्थ पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्की : १९६० च्या सुमारास तंतुवाद्यांतून नुसता कल्लोळ काढणारा हा माणूस सत्तरच्या दशकात व्हायोलिन कंचर्टोत लांब, रडव्या सुरावटींकडे वळला. संगीतकार कोर्नगोल्ड तसा नव्हे. तो व्हिएन्नाहून हॉलिवूडला गेला ते आपलं रोमँटिक सामान घेऊनच, सोडलं कधी नाही.

प्रश्नकर्ता : आणि 'रोमँटिक'साठी मराठीत 'स्वच्छंदतावादी' म्हणतात, तो?

– कवितेच्या समीक्षेत शोभतो. मैफलीच्या पत्रिकेवर छापलात तर वादक बेताल वाजवणार आहेत असं वाटेल.