मदत हवी आहे: दवाखान्यातल्या सगळ्या स्टाफसाठी 'मूकपट संध्याकाळ' कशी जमवावी?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात एका खासगी दवाखान्यात सिस्टर-इन्चार्ज आहे. १२ मे, परिचारिका दिन जवळ येतोय आणि यंदाच्या स्नेहसंध्याकाळची जबाबदारी मेट्रन मॅडमनी माझ्यावर टाकली आहे. डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, लॅब, एक्स-रे, फार्मसी, बिलिंग, मामा, मावशी, ड्रायव्हर, सिक्युरिटी असे सगळे धरून आम्ही ११०च्या आसपास आहोत.

आधी गेल्या वर्षीचं सांगते, म्हणजे माझी अडचण कळेल. हॉल होता, सत्कार झाले, भाषणं झाली, अंताक्षरी झाली. डॉक्टर एका टेबलाभोवती, सिस्टर दुसऱ्या. मामा आणि मावशी मागच्या भिंतीला टेकून उभे. जेवण झाल्यावर खरकट्या प्लेटा कुणी उचलल्या? मावशींनीच. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेले. निघताना एक मावशी मला म्हणाल्या, "सिस्टर, आजपन ड्युटीच झाली की." मी पण त्या संध्याकाळी उठले नव्हते, हे मला अजून लागतं. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, एवढं पक्कं ठरवलंय.

कल्पना अशी. आमच्या कॉरिडॉरमध्ये 'शांतता राखा' अशी पाटी आहे. ओटीमध्ये तोंडाला मास्क असतो, सर्जननी हात पुढे केला की स्क्रब सिस्टर न बोलता नेमकं हत्यार हातात ठेवते. आयसीयूत नळी घातलेल्या पेशंटशी आम्ही दिवसभर डोळ्यांनी आणि हातांनीच बोलतो. बिनबोलता काम करणं आम्हा सगळ्यांना येतं. आणि गाव कुठलं, तर बाबूराव पेंटरांचं! इथेच त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला, भारतातला पहिला चित्रपट. म्हणून विषय ठरवला मूकपट.

आठ-आठ जणांचे गट, प्रत्येक गटात सगळ्या खात्यांची माणसं. चार मिनिटांचा प्रवेश, संवाद नाहीत, फक्त हातात धरायच्या पाट्या. भाषण करायला लाजणारी, शुद्ध-अशुद्धची धास्ती असणारी माणसं यात मागे पडणार नाहीत असं मला वाटतं. आमचे एक अॅम्ब्युलन्स ड्रायव्हर गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, पार्श्वसंगीत त्यांच्याकडे.

आता अडतंय कुठे: ड्युट्या ८ ते २, २ ते ८ आणि मग नाइट. कुठलीही वेळ धरली तरी एक पाळी वॉर्डातच राहणार. मोठे डॉक्टर 'पाच मिनिटं येऊन जातो' म्हणतात, त्यांना गटात कसं बसवायचं? प्रवेशांना विषय काय द्यावेत? आणि जेवणाचं काय? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

प्रतिसाद १

सिस्टर, मी मेट्रन म्हणून निवृत्त झाले. एकाच दिवशी सगळ्यांना जमवायचा हट्ट सोडा. तोच कार्यक्रम लागोपाठ दोन दिवस ठेवा, निम्मे गट आज, निम्मे उद्या. पण पहिल्या दिवसाला 'रंगीत तालीम' म्हणू नका, नाहीतर त्या दिवशीची माणसं दुय्यम ठरतात. दोन्ही दिवशी केक असेल तर दोन्ही दिवशी तोच केक. महिन्याचा ड्युटी चार्ट लावायच्या आधी गट पाडा, चार्ट गटांप्रमाणे लावा. उलटं केलंत तर आदल्या दिवशी अदलाबदलीचे पंचवीस अर्ज येतील. नाइट करून सकाळी घरी गेलेल्या मुलीला त्याच संध्याकाळी बोलावू नका, तिला झोपू द्या.

विषयाबद्दल एक कडक नियम: रुग्ण नको, नातेवाईक नकोत, मृत्यू नको. नाव न घेता केलं तरी कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी ओळख पटते. बीपी मशीनची शोधाशोध, बंद पडलेली लिफ्ट, हँडओव्हरला हरवलेलं पेन, चहाला बसल्या बसल्या आलेली इमर्जन्सी, असे विषय घ्या. यात कुणाची चेष्टा होत नाही आणि प्रत्येकाला ते ठाऊक असतं.

बक्षीस देऊ नका. पहिला-दुसरा काढलात की महिनाभर वॉर्डात त्याचंच राजकारण चालतं.

---

प्रतिसाद २

कल्पना फार आवडली, पण निवेदनात एक दुरुस्ती करा. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून १९१३ सालचा दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ओळखला जातो. 'सैरंध्री' ही बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची सुरुवात. तुमच्या दिवसाला साजेशी गोष्ट वेगळीच आहे. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम पुरुषाने केलं होतं, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. 'सैरंध्री'त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. त्या काळी त्यासाठी केवढं धाडस लागलं असेल! घरच्यांचा विरोध पत्करून नर्सिंगला आलेल्या मुली तुमच्याकडेही असतील, त्यांना हे जरूर सांगा.

बाबूराव मुळात चित्रकार. सिनेमाची पोस्टरं ते स्वतः रंगवायचे. प्रत्येक गटाला एक कार्डशीट आणि रंग द्या, आपल्या प्रवेशाचं पोस्टर आठ दिवस आधी रंगवून जिन्यात लावायचं. ज्यांना स्टेजवर यायचंच नाही त्यांना हे काम मिळेल, आणि खरी ओळख त्या आठ दिवसांत होईल. कार्यक्रमाची संध्याकाळ दोन तासांची, पोस्टर रंगवताना माणसं जास्त वेळ एकत्र बसतात.

१९२५चा 'सावकारी पाश' कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो, शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. देवादिकांच्या कथा चालत असताना बाबूरावांनी साध्या माणसाकडे कॅमेरा वळवला. पुढे १९२९ला प्रभात फिल्म कंपनीही कोल्हापुरातच उभी राहिली, १९३३ला पुण्याला गेली. निवेदन एवढंच पुरे, लांबवू नका.

---

प्रतिसाद ३

ताई, मोठ्या डॉक्टरांना नुसतं निमंत्रण दिलं तर पाच मिनिटांतच जाणार की. त्यांच्या हातात काम द्या. भूमिका चिठ्ठीतनं काढा. सर्जनला मामाची आली तर स्ट्रेचर त्यांनी ढकलायचं, मावशींना आरएमओची (निवासी डॉक्टरची) आली तर राउंड त्यांनी घ्यायचा. आमच्या कारखान्यात असं केलं होतं, मॅनेजर साहेब हमाल झाले आणि घामाघूम झाले. दुसऱ्या दिवसापासनं गेटवर स्वतःहून नमस्कार करायला लागले.

तांबडा-पांढरा मनात असेल तर वार बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, निम्मी माणसं खात नाहीत. त्यापेक्षा मिसळ लावा, ब्रेडबरोबर, कट वेगळा ठेवा, ज्याला जेवढा सोसेल तेवढा. वर थंड ताक. आणि वाढायला अन् उचलायला बाहेरची माणसं सांगा, त्याचे पैसे आधी बाजूला काढा. मेमध्ये वळीव कधी येईल नेम नाही, गच्चीवर ठेवू नका.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'सैरंध्री'ची चूक दाखवून दिलीत ते फार बरं झालं, निवेदन पुन्हा लिहिलं.

ठरलं ते असं: ११ आणि १२ मे, दोन्ही दिवशी साडेपाच ते साडेसात. कागल आणि हातकणंगल्याकडून येणाऱ्या मुलींना उशीर व्हायला नको म्हणून साडेसातला म्हणजे साडेसातला संपवणार. बक्षीस रद्द. वाढायला चार माणसं सांगितली, त्यासाठी केक लहान केला.

चिठ्ठ्यांचं मावशींना सांगितलं तर गेल्या वर्षीच्या त्याच मावशी म्हणाल्या, "मी येत न्हाई, मला काय जमतंय." मग थोड्या वेळाने औषधाच्या ट्रॉलीपाशी येऊन हळूच विचारलं, "डॉक्टरची चिठ्ठी आली तर कोट मिळणार का?" मिळणार. लाँड्रीला सांगून स्वच्छ कोट बाजूला काढून ठेवलाय.

आता एकच अडलंय. पेटी आहे, तबला नाही. कोल्हापुरातलं कुणी दोन्ही संध्याकाळी दीड-दीड तास साथीला येऊ शकेल का? मानधन देऊ, मिसळ तर आहेच.