जुन्या पिकअपला टेंपरेचर आणि ऑईल प्रेशरचे वेगळे मीटर बसवायचेत, सेन्सर कुठे लावू?

डिचोलीची_पिकअप
नमस्कार मंडळी. माझी १४ वर्षं जुनी टर्बो डिझेल पिकअप आहे, आठवड्यातून दोनदा सुपारी-नारळ भरून चोर्ला घाटातून बेळगावला जातो. मे महिन्यात घाट चढताना डॅशबोर्डवरचा काटा अगदी मधोमध होता आणि पुढच्याच वळणावर बॉनेटखालून वाफ, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं. इंजिनाचं काम आत्ताच करून घेतलंय, परत तेवढा खर्च मला झेपणार नाही, म्हणून आकडे दाखवणारे टेंपरेचर, ऑईल प्रेशर आणि व्होल्टचे मीटर लावतोय. मेस्त्री म्हणतो ऑईलचा नळीवालाच घे, दुकानदार म्हणतो वायरवाला. आणि टेंपरेचरचा सेन्सर रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये अ‍ॅडॉप्टर घालून बसवला तर चालेल का? चवथीच्या आधी उरकायचंय, मग माटोळीच्या (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या) सामानाच्या फेऱ्या सुरू होतात.

फोंडा_वायरिंग
वायरवालाच घ्या. नळीवाल्यात गरम ऑईल प्रेशरसकट केबिनमध्ये येतं, नळी घासून फुटली की सगळं तुमच्या पायावर, आणि तेही घाटात. तुमचा मेस्त्री चुकीचं सांगत नाही, तो मीटर अचूक असतो, पण रोजच्या मालाच्या गाडीत मी तरी कधीच लावणार नाही.
ऑईलचा मूळ स्विच काढून टाकू नका हां, टी (तीन तोंडांचा जोड) लावा आणि स्विच व सेन्सर दोन्ही ठेवा, लाल दिवा चालू राहायलाच हवा. आता आटे. १/८ एनपीटी (अमेरिकन माप) आणि १/८ बीएसपी (ब्रिटिश माप) हातात घेतले तर सारखेच दिसतात, पण एकाला इंचाला २७ आटे, दुसऱ्याला २८. दोन-तीन फेरे मस्त बसतात, मग अडकतं, मग माणूस पान्याने जोर लावतो आणि ब्लॉकचे आटे जातात. जुना स्विच काढून दुकानात घेऊन जा आणि त्याला जुळणारा अ‍ॅडॉप्टर घ्या.
सेन्सर मीटरच्याच कंपनीचा हवा, दुसरा लावला तर आकडा काहीही येईल.

पेडणे_किनारा
माझं म्हणणं अर्थिंगबद्दल. आमच्याकडे खारा वारा आणि चार महिने पाऊस, बोल्टखाली गंज धरतोच. माझ्या गाडीत पार्किंग लाईट लावली की टेंपरेचर १० डिग्रीने उडी मारायचं, मी रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदलला, शेवटी निघाला डॅशमागचा अर्थचा बोल्ट. घासून लोखंड चकचकीत केलं, ग्रीस लावलं, तेव्हापासून काटा स्थिर. एका वायरचा सेन्सर असेल तर त्याचा अर्थ आट्यांमधूनच जातो, त्यामुळे टेफलॉन टेप गुंडाळू नका. सप्लाय चावीनंतरचा (चावी फिरवल्यावरच येणारा) घ्या आणि फ्यूज घातल्याशिवाय वायर जोडूच नका.

डिचोलीची_पिकअप
खूप उपयोगी माहिती, दोघांचे आभार. काल डॅश खोलला, अर्थचा बोल्ट हिरवागार झालेला, वायर ओढली तर हातातच आली! होजचं मात्र कुणी सांगा.

वाळपई_डिझेल
होजमध्ये चालतं पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. अ‍ॅडॉप्टरच्या दोन्ही बाजूंना रबर, म्हणजे त्याला वेगळी अर्थ वायर द्यावीच लागते. आणि ती जागा थर्मोस्टॅटच्या पुढची, तो साधारण ८२ डिग्रीला उघडेपर्यंत तिथे थंडच दिसणार. हेडवर रिकामा प्लग असेल तर सेन्सर तिथेच लावा, खरं तापमान तिथलं.
पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच आकडा खरा. होज फुटून कूलंट गेलं तर सेन्सर हवेत लटकतो आणि काटा उलट खाली येतो, तुम्हाला वाटतं इंजिन थंड झालं. मे महिन्यात तुमचं असंच झालं असेल असं मला वाटतं. म्हणून घाटात आकडा एकदम खाली आला तरी गाडी लगेच बाजूला घ्या. जमलं तर कूलंट लेव्हलचा बझरही लावा. बसवण्याआधी सेन्सर वायरने मीटरला जोडा, त्याच्या अंगाला अर्थ द्या आणि टोक उकळत्या पाण्यात धरा, १०० च्या आसपास दाखवायला हवं.

डिचोलीची_पिकअप
स्टोव्हवर टोपात पाणी उकळून बघितलं, ९८ दाखवतोय. हेडवर मागच्या बाजूला प्लग सापडला, सेन्सर तिथेच बसवला. आज भरलेली गाडी घेऊन चोर्ला चढलो, सगळा वेळ ८६ ते ९५, चालू गाडीत व्होल्ट १४.१, गरम इंजिन आयडलला ऑईल दीड बार. फक्त रात्री मीटरचा उजेड काचेवर पडतो, त्याला काय करता तुम्ही?

पेडणे_किनारा
मीटरची लाईट पार्किंगच्या वायरऐवजी डॅशच्या डिमरवाल्या वायरवर घ्या, हवी तेवढी कमी करता येते.