मातहत, कनिष्ठ आणि हाताखालचा

'मातहत' म्हणजे केवळ 'कनिष्ठ', हा अर्थ मला अपुरा वाटतो. अरबीत 'तहत' म्हणजे खाली. त्यामुळे या शब्दात कुणाच्या तरी हुकमतीखाली असणे अभिप्रेत आहे, तर 'कनिष्ठ' हा शब्द वय किंवा श्रेणी सांगतो, आणि म्हणूनच कनिष्ठ लिपिक हा प्रत्येक वरिष्ठ लिपिकाचा मातहत ठरत नाही. मराठीत 'मातहत'च्या सर्वांत जवळचा शब्द 'हाताखालचा' हाच. मात्र तो कोण उच्चारतो यावर त्याची छटा बदलते. 'मी त्यांच्या हाताखाली तयार झालो' यात कृतज्ञता असते, तर 'तो माझ्या हाताखालचा' यात (बोलणाऱ्याला जाणवो वा न जाणवो) थोडा तोरा येतोच. पदनामांत येणारा 'दुय्यम' मात्र यांहून वेगळा: 'दुय्यम निबंधक' यातला हा शब्द मुळात फारसी क्रमवाचक, 'दुसरा' एवढ्याच अर्थाचा.