उडण्याची स्वप्नं सारखी पडतायत, याचा आध्यात्मिक अर्थ नेमका काय घ्यायचा?

पिसासारखी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज शेवटी लिहूनच टाकते. गेले सात-आठ महिने मला उडण्याची स्वप्नं पडतायत. आठवड्यातून एकदा तरी, कधी लागोपाठ दोन रात्री. लहानपणी अशीच पडायची, मग मधली पंचवीसेक वर्षं एकही नाही, आणि बाबा गेले त्यानंतर महिनाभरात परत सुरू झाली.

स्वप्न साधारण एकच असतं. मी जिना उतरत असते आणि शेवटच्या तीन-चार पायऱ्या पायाला लागतच नाहीत. मग पाण्यात हात मारतो तसे मारायचे की मी वर. फार वर नाही, विजेच्या तारांच्या उंचीपर्यंत. तारा आल्या की पोटात गोळा येतो, वरून जावं की खालून ते ठरत नाही. खाली बाबा दाराला कुलूप लावत असतात. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायची सवय होती त्यांना, तसंच ओढून बघतात, पण वर बघत नाहीत. मी हाक मारायला जाते आणि हाक मारली रे मारली की अंगाला वजन येतं, खाली यायला लागते, आणि जमिनीला टेकायच्या आत जाग येते. जागी झाल्यावर भीती वाटत नाही, उलट अर्धा तास असं हलकं हलकं वाटत राहतं की उठून दिवा लावावासाही वाटत नाही.

भीती मला लोकांनी घातलीय. एक मैत्रीण म्हणाली आत्मा शरीर सोडून फिरायला जातो, बाबा तुला बोलावतायत, स्वप्नात जमिनीला टेकलीस तर परत येणार नाहीस. दुसऱ्या एकांनी सांगितलं कुंडलिनी जागी होतेय, आमच्याकडे या, पुढचं आम्ही बघतो. तेव्हापासून मी रात्री एक-दीडपर्यंत जागीच असते, झोपायचं टाळते. तर प्रश्न असा की आपल्या ग्रंथांत याबद्दल खरोखर काय म्हटलंय? आणि ज्यांना अशी स्वप्नं पडतात त्यांनी त्यातून काय घेतलं? मी श्रद्धाळू आहे, त्यामुळे "मनाचे खेळ आहेत, सोडून द्या" एवढंच नको प्लीज.

जुना_वाचक
ताई, आधी ते टेकण्याचं भय काढून टाका. मी स्वप्नात कितीतरी वेळा खाली आलोय, एकदा तर गुडघ्यांवर आपटलो, आणि आज सत्तरी ओलांडून तुम्हाला लिहितोय.

आता ग्रंथांचं. बृहदारण्यक उपनिषदात चौथ्या अध्यायाचं तिसरं ब्राह्मण (म्हणजे प्रकरण) मिळालं तर सावकाश वाचा, मराठी अर्थासह. जनक राजा याज्ञवल्क्यांना विचारतो की माणसाला उजेड कुणाचा? सूर्याचा. सूर्य मावळला तर? चंद्राचा. तोही मावळला तर अग्नीचा, अग्नी विझला तर वाणीचा, आणि वाणीही थांबली तर? तेव्हा आत्म्याचा. आणि तिथून पुढे सगळं बोलणं स्वप्नावर येतं. तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, हा आत्मा स्वतःच रथ घोडे रस्ते निर्माण करतो. म्हणजे तुमच्या त्या तारा आणि तो जिना कुणी बाहेरून आणून ठेवलेला नाही, तुमच्याच उजेडात तो दिसतोय.

त्याच्या थोडं पुढे तुमच्या मैत्रिणीने जे अर्धवट सांगितलं ते पूर्ण आलंय. तिथे आत्म्याला एकटा फिरणारा हंस म्हटलंय. तो घरट्याबाहेर पडतो आणि मन मानेल तिथे फिरतो, हे बरोबर. पण फिरायला जाताना खालचं घरटं तो प्राणाच्या राखणीवर सोडून जातो. हे अर्धं वाक्य लोक गाळतात आणि मग माणसं झोपायला घाबरतात. श्वास चालू आहे म्हणजे राखण चालू आहे.

पडण्याचाही उल्लेख आहे बरं का. स्वप्नात कुणी मारतंय, हत्ती मागे लागलाय, खड्ड्यात पडतोय असं वाटतं, आणि उपनिषद सांगतं की जागेपणी जी भयं पाहिली तीच तिथे अज्ञानामुळे खरी वाटतात. भविष्य म्हणून नाही सांगितलेलं ते.

आणि मला सगळ्यात आवडतो तो दाखला ससाण्याचा. आकाशात भरपूर उडून दमलेला ससाणा पंख मिटतो आणि घरट्याकडे वळतो, तसा हा पुरुष, म्हणजे आत्मा, अशा झोपेकडे धावतो जिथे काही हवंसं वाटत नाही आणि स्वप्नही दिसत नाही. नीट बघा, उडणं हे मुक्काम नाहीये. मांडूक्य उपनिषद तर बारा मंत्रांचंच आहे, त्यातही जागृती, स्वप्न, गाढ झोप आणि चौथी तुरीय अशी मांडणी आहे, स्वप्न दुसऱ्या पायरीवर. तेव्हा उडण्याचं स्वप्न पडलं म्हणजे कुणी फार वर पोचलं असं नाही, आणि ते टाकाऊ आहे असंही नाही. तुम्ही मोकळ्या आहात एवढं तुम्हाला आतून कुणीतरी दाखवतंय, असं मी तरी घेतो.

जाता जाता, बृहदारण्यकाच्या त्याच प्रकरणात गाढ झोपलेल्याला एकदम दचकवून उठवू नये असंही आहे. घरातल्यांना सांगून ठेवा.

सांजवेळ
जुना_वाचक यांना +१. कुंडलिनीबद्दल दोन शब्द, कारण ते वाचून मला काळजी वाटली. पतंजलींच्या योगसूत्रांत आकाशगमन आहे, तिसऱ्या पादात (म्हणजे भागात), शरीर आणि आकाश यांच्या संबंधावर संयम केला आणि कापसाच्या हलकेपणाशी एकरूप झालं की ते साधतं असं. पण संयम म्हणजे धारणा, ध्यान, समाधी तिन्ही एकाच विषयावर, तेही पूर्ण जागेपणी, वर्षानुवर्षांच्या साधनेनंतर. झोपेत आपोआप आलेलं स्वप्न ते नव्हे. आणि त्याच पादात सिद्धींना समाधीतले अडथळे म्हटलंय. तेव्हा तुमचं स्वप्न पूर्ण ऐकून घ्यायच्या आधीच जो "आमच्याकडे या" म्हणतो त्याच्याकडे कृपा करून जाऊ नका.

उलट पहिल्या पादातलं एक सूत्र तुमच्या कामाचं आहे. चित्त स्थिर करायला स्वप्नातल्या किंवा झोपेतल्या अनुभवाचा आधार घेता येतो असं ते सांगतं. तुम्ही लिहिलंय ना तो अर्धा तास हलकं वाटतं, तोच धरा. उठल्यावर लगेच मोबाईल हातात घेऊ नका, डोळे मिटून त्या हलकेपणाकडेच लक्ष ठेवून बसा, जेवढा वेळ टिकेल तेवढा. मी हे करते, माझं स्वप्न वेगळं असतं, पण दिवस वेगळा जातो एवढं खात्रीने सांगते.

वातप्रकृती
आयुर्वेद शिकलेय म्हणून भर घालते. सुश्रुतसंहितेत वातप्रकृतीच्या माणसाचं वर्णन करताना तो झोपेत आकाशात फिरतो असं स्पष्ट दिलंय, वाग्भटांनीही वातप्रकृतीचे लोक स्वप्नात डोंगरांवर, झाडांवर, आकाशात जातात म्हटलंय. चरकसंहितेत इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि दोषांमुळे पडणारं. यातल्या पहिल्या पाचांना फळ नसतं असं तिथेच सांगितलंय, म्हणजे जुन्या वैद्यांनाही प्रत्येक स्वप्नाला भाकीत मानायचं नव्हतं.

ताई, शोक, भय आणि जागरण या तिन्हींनी वात वाढतो. तुमच्याकडे सध्या तिन्ही आहेत. स्वप्न नको म्हणून एक-दीडपर्यंत जागताय आणि त्या जागरणानेच स्वप्नं वाढत असतील. वेळेवर झोपा, झोपताना तळपायांना तेल लावून बघा. आणि दिवसाही मन फार जड राहत असेल तर नुसत्या तेलावर थांबू नका, डॉक्टरांशी बोला.

निशाचर
मी झोपेच्या विज्ञानाचं वाचत असतो. ताईंनी "मनाचे खेळ" नको म्हटलंय, ते मी म्हणणारही नाही, कारण कसं घडतं हे कळलं म्हणून का घडतं हे संपत नाही. १९५३ साली ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी शिकागोमध्ये दाखवलं की झोपेत काही काळ बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुतेकदा स्वप्न सांगतो. या काळात मेंदू जागा असल्यासारखा कामात असतो पण हातापायांचे स्नायू पूर्ण सैल पडलेले असतात. तुम्ही पळताय असं मेंदूला वाटतंय आणि पायाखालच्या जमिनीचा दाब मात्र येत नाहीये. तुमच्या त्या शेवटच्या तीन-चार पायऱ्या पायाला न लागणं मला तरी तसंच वाटतं. अशी फेरी साधारण दर नव्वद मिनिटांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते, म्हणून लक्षात राहणारी स्वप्नं पहाटेची.

उशिरा झोपून लवकर उठलात की पहाटेच्या या फेऱ्या कापल्या जातात, आणि पुढच्या रात्री शरीर त्या जास्त जोराने भरून काढतं. त्यामुळे वातप्रकृती यांच्याशी वेगळ्या वाटेने सहमत.

पण बाबा कुलूप दोनदा ओढतात आणि वर बघत नाहीत, हे कुठल्याच फेरीतून निघत नाही. ते तुमचं आहे.

उंचावरून
हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, मोठं होईल. मी उडण्यासाठी मुद्दाम स्वप्नं पाडून घेतली आहेत. स्वप्नात आपण स्वप्नात आहोत हे ओळखायचं आणि मग हवं तिकडे जायचं, त्याचा सराव असतो, दिवसभर हातांकडे बघून "हे स्वप्न आहे का" विचारायचं, पहाटे चारचा गजर लावून उठायचं, परत झोपायचं. पाच महिने केलं. जमलं. ढगांच्या वर गेलो, वारा तोंडावर अक्षरशः लागायचा, खाली सगळं निळसर आणि कसलाही आवाज नाही. त्या आनंदाबद्दल मी कधीच वाईट बोलणार नाही.

पण मग मला दिवस नकोसा व्हायला लागला. कामात लक्ष नाही, कुणी बोललं की चिडचिड, आणि दुपारीसुद्धा झोपायचो, उडायला मिळेल म्हणून. त्याच काळात आई आजारी होती. तिने दोन वेळा हाक मारली आणि मी दार लावून झोपलो होतो. ती बरी झाली, पण ते दार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्या दिवशी गजर काढून टाकला.

नंतर वाचलं तेव्हा समजलं की तिबेटी बौद्धांमध्ये नारोपा या बौद्ध सिद्धांच्या सहा योगांत स्वप्नयोग आहे, तिथेही स्वप्नात जागं व्हायला, रूप बदलायला, उडायला शिकवतात. पण तिथे उडायचं ते मजेसाठी नाही, स्वप्नातली वस्तू जशी पक्की नाही तशी जागेपणीचीही नाही हे मुरावं म्हणून. मी साधन उचललं आणि कशासाठी ते तिथेच ठेवलं.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी आपल्या एका सहकाऱ्याची हकीकत लिहून ठेवलीय. त्याला डोंगर चढायचं वेड. त्याला स्वप्न पडलं की शिखरावर पोचलो तरी चढतोच आहे, हवेत पावलं टाकत, अतिशय आनंदात. युंग यांनी कळकळीने सांगितलं की यापुढे एकटा जाऊ नकोस, वाटाडे घेऊन जा. तो हसला. काही महिन्यांनी डोंगर उतरताना त्याने खरंच हवेत पाऊल टाकल्यासारखं केलं आणि गेला, खाली उभ्या मित्रालाही घेऊन. ताई, हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये, तुमचं उलटं आहे. तो जमीन विसरला होता. तुम्ही उडताना सतत खालीच बघताय, दाराकडे, बाबांकडे. मला त्यात काही अशुभ दिसत नाही.

एकच सुचवतो. पुढच्या वेळी हाक मारू नका. नुसतं बघा. आणि खाली आलात तर येऊ द्या.

जुना_वाचक
उंचावरून, मनापासून लिहिलंत. आईंना नमस्कार सांगा.

ताई, एक राहिलं होतं. आपल्याकडे स्वप्नाला परंपरेने नुसतं अपशकुनाचं मानलेलं नाही. तुकोबांना गुरूंचा अनुग्रह स्वप्नातच झाला, माघ शुद्ध दशमीला, आणि अभंग रचायची आज्ञाही नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन केली. वाल्मीकी रामायणात त्रिजटेला स्वप्न पडतं त्यात राम हस्तिदंती पालखीतून आकाशमार्गे येतो, आणि ते ऐकून सीतेला धीर येतो. आकाशातलं येणंजाणं आपल्याकडे धीर देणारंही आहे.

पिसासारखी
सगळ्यांना उत्तर द्यायला बारा दिवस लागले, माफ करा. मैत्रिणीला जुना_वाचक यांचं घरट्याचं वाचून दाखवलं, तीही गप्प झाली. त्या दुसऱ्या गृहस्थांचे फोन उचलणं बंद केलंय. साडेदहाला झोपते, तेलही लावते.

मधे आठ दिवस काहीच नाही, मग परवा पहाटे आलं. तोच जिना, त्याच तारा. या वेळी मी तारांच्या खालून गेले, का ते सांगता येत नाही, सुचलं. बाबा दारात होते. हाक मारायची नाही हे स्वप्नातही आठवलं, हे मला अजून नवल वाटतंय. नुसतं बघत राहिले. त्यांनी कुलूप लावलं, एकदा ओढलं, दुसऱ्यांदा ओढलं, आणि त्या कडीचा आवाज आला. इतके महिने आवाज कधी आलाच नव्हता. मग मी हळूहळू खाली आले आणि टेकले. पायाला फरशी गार लागली. जाग आली नाही, तशीच उभी राहिले त्यांच्या शेजारी, किती वेळ ते सांगता येणार नाही.

इतके दिवस मला वाटत होतं की ते मला बाहेर ठेवून कुलूप लावतायत. परवा जवळून पाहिलं तर ते आतल्या बाजूला होते, रोज रात्री झोपायच्या आधी करायचे तसं. सकाळी जुना_वाचक यांचं ते राखणीचं वाक्य परत वाचलं आणि खूप रडले. संध्याकाळी घराचं कुलूप मी दोनदा ओढून बघितलं.